रिकामी राहिलेली सुपली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची सुपली आहे. नाक मुरडू नका. केर भरून फेकणं हा आमच्या घराण्याचा धंदा खरा, पण मी आयुष्यभर धूळ जपून ठेवली.

कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं आणि माती तपासणाऱ्या एका ताईंनी मला विकत घेतलं. दुकानातली फावडी गालात हसली. मातीच्या कामाला सुपली? पण ताईंना खणायचंच नव्हतं; उडणारी धूळ कुठून येते, हे त्या शोधत. वारा खड्डा करून माती नेत नाही, वरचीच उचलतो. म्हणून ताई गुडघ्यांवर बसत आणि मऊ ब्रशने वरची माती अलगद माझ्यात लोटत. ती पिशवीत भरली की मला लख्ख पुसत. एका जागेचा कण दुसरीकडच्या मातीत गेला तर भलत्यावरच आळ यायचा, असं त्या म्हणत. इतकी निगुती मी दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिली नाही.

एका उन्हाळ्यात गावात धूळ फारच वाढली. ताईंची चिमुरडी भाची खोकून बेजार झाली. सगळ्यांनी वीटभट्टीवर खापर फोडलं. सर्वांत मोठा आवाज ताईंच्या दादांचा, म्हणजे त्या मुलीच्या वडिलांचा. ते टेम्पो चालवत.

"भट्टी बंदच करायला लावतो," दादा म्हणाले.

"कितीतरी घरं चालतात रे तिच्यावर. आधी माती बघू दे."

"माती काय बोलणार आहे?"

"बोलेल की. टेम्पो काढ."

आम्ही भट्टी, शेतं, रस्त्याची कड आणि आटलेलं तळं असे सगळीकडे फिरलो. भाचीच्या खिडकीतली धूळही घेतली. प्रयोगशाळेत ताईंनी सगळं चाळलं, पाण्यात ढवळलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. भट्टीची धूळ लालसर होती. खिडकीतली मात्र करडी आणि खारट, थेट तळ्यातल्या मातीसारखी.

"तळं तर दरवर्षी आटतं. मग यंदाच का?" दादांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. ताई पुन्हा दादांच्या टेम्पोतून तळ्यावर गेल्या.

ओल सुकताना तिथे मातीवर कडक खपली धरली होती. ताईंनी ब्रश फिरवला, पण माझ्यात चिमूटभरही माती आली नाही. थोडं पुढे चाकोरी होती. तिथली खपली चिरडून पीठ झालं होतं. ब्रश लागताच मी काठोकाठ भरले.

चाकोरी थेट टेम्पोच्या चाकांपाशी येऊन थांबली होती. दादांनी ती पाहिली, मग चाकं पाहिली.

"वळसा वाचायचा गं," ते हळूच म्हणाले. "उन्हाळ्याच्या तोंडाला पोरीला ताप आला होता. तिला दवाखान्यात लवकर न्यायचं, म्हणून मीच ही वाट पाडली. मग सगळेच इथून यायला लागले."

मला फार वाईट वाटलं. ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला कुठे माहीत होतं, दादा?"

दुसऱ्याच दिवशी दादांनी त्या वाटेच्या तोंडाशी मोठे दगड आणून टाकले. गाड्या लांबच्या रस्त्याने जाऊ लागल्या.

आता मी खिळ्याला टांगलेली असते. मला गंज चढला आहे, आणि गंजाचा कण मातीत मिसळून चालत नाही. मित्रांनो, गुडघ्यावरची खपली काढू नये हे तुम्हाला ठाऊक आहे. जमिनीचीही तशीच जपा.

माझं शेवटचं काम त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं होतं. ताईंनी त्याच खिडकीत ब्रश फिरवला. शेजारी भाची उभी होती. ती खोकत नव्हती.

"आत्या, किती निघाली?"

ताईंनी मला तिच्यापुढे धरलं. माझ्यात जेमतेम चिमूटभर धूळ होती. काठोकाठ भरले तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.