सदतीस अंश

या, असे पुढे सरून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज दिल्लीतल्या मयूर विहारच्या कौशल्याबाईंची गोष्ट सांगतो. गोष्ट त्यांची, पण गोंधळ सगळा हणमंतरावांचा.

"बाबा, चलो ना, सही करून टाका," मुलगा सुजय म्हणाला. दिल्लीजवळच्या मानेसरच्या प्रयोगशाळेत हणमंतराव पेन धरून बसले होते. जन्मभर केंद्राच्या मंत्रालयात फायली पुढे सरकवलेला माणूस, पण हा एक कागद काही हलेना.

कौशल्याबाई त्यांच्या पत्नी. रक्ताचा कॅन्सर. त्यांच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढून इथे आणल्या होत्या. शिकवायच्या, वाढवायच्या आणि परत अंगात सोडायच्या. "माझी पलटण मानेसरला ट्रेनिंगला गेलीय," बाई हसून सांगायच्या, "तिथली मेस बरी आहे का, विचारा हो!" पलटण तयार व्हायला दोन दिवस उरले आणि मंगळवारी बाईच गेल्या.

आता कागद विचारत होता: पेशी नष्ट करायच्या, की संशोधनाला द्यायच्या?

"म्हणजे त्या जिवंत आहेत?"

"हो काका. छान वाढल्यात," प्रयोगशाळेतली रेवती खाली बघत म्हणाली. पेशींना रोज खाऊपिऊ घालणारी तीच.

"मग मी गुरुवारी दहावा कुणाचा करू?"

"बाबा, यार, ती आई नाहीये. सेल्स आहेत."

"तुझ्या आईच्याच दंडातून काढल्या ना रे?"

हणमंतरावांनी मनातल्या मनात विठोबाला विचारलं. तो कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला.

"संशोधनात काय करता गं?"

"पेशींना लढायला शिकवणं जमतं, काका. पण अंगात गेल्यावर त्या लढून लढून दमतात. त्या दमू नयेत म्हणून काय करावं, ते शोधतोय."

"हिच्या नाही दमायच्या," हणमंतराव पटकन म्हणाले. "अडतीस वर्षांत 'दमले' म्हणाली नाही कधी."

आणि त्यांनी सही केली.

जाताना रेवतीने काचेपलीकडचं, पेशी ठेवलेलं पांढरं कपाट दाखवलं. त्यावर आकडा होता, सदतीस. "अंगाइतकीच ऊब ठेवतो, काका."

मंगळवारी हणमंतरावांच्या हातातला बाईंचा हात गार होत गेला होता. त्यांनी काचेला तळवा टेकवला. काच थंडच होती.

"बाबा... दहावा?" सुजयने हळूच विचारलं.

"करू की. पण कावळा शिवला नाही, तर घाबरू नकोस. ती कामावर असेल."

आता टाळ उचला. पण त्याआधी कौशल्याबाईंना एकदा मनात आणा.