डबल कफ

ज्योतीरामनं दिग्विजयच्या डाव्या मनगटाभोवती टेप गुंडाळली, घड्याळासाठी पाव इंच जास्त धरला आणि माप मोठ्यानं सांगितलं. प्राजक्ता वहीत लिहून घेत होती. होणाऱ्या नवऱ्याची मापं लेक स्वतः लिहितेय, याचं ज्योतीरामला सकाळपासून कौतुक वाटत होतं. लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

"आता कफ," त्यानं काउंटरवर नमुने मांडले. "हा एका बटणाचा, हा दोन बटणांचा. हा कोपऱ्यात तिरका कापलेला. आणि हा डबल, दुमडून कफलिंक लावायचा."

"डबल. पाचही शर्ट," दिग्विजय म्हणाला.

ज्योतीराम मनातून सुखावला. तीस वर्षं निगडीत शर्ट शिवून, आपल्याला माणूस कफावरून कळतो असा त्याचा ठाम समज झाला होता. खरं सांगायचं तर स्थळ पसंत करतानाही त्यानं दुसरं काही पाहिलं नव्हतं. चाकणची नोकरी, मोशीतला फ्लॅट हे सगळं इतरांनी पाहिलं. यानं पाहिले ते कफ, पांढरेशुभ्र, एक सुरकुती नाही. एवढा नेटका माणूस पोरीला नीटच सांभाळेल, असं तो घरी म्हणाला होता.

"पण दिग्विजयराव, रोज डबल कफ म्हणजे जिकिरीचं. एका हातानं पटकन लागत नाही."

"एका हातानं कशाला, मामा? आत्तापर्यंत आई लावायची. तिचा हात थरथरतो आता. यापुढं प्राजक्ता आहे की."

"तिची कंपनीची बस सव्वासहाला असते. तुम्ही निघता नऊला."

"बस बंद होईल," दिग्विजय कापडावरून बोट फिरवत म्हणाला. "आमचं ठरलंय."

ज्योतीरामनं लेकीकडे पाहिलं. मार्चमध्येच तिला बढती मिळाली होती, आणि पेढे त्यानं याच काउंटरवरून वाटले होते. ती वहीत मान घालून बसली होती.

दिग्विजयनं नमुन्याचा शर्ट अंगात चढवला, खिशातून नव्या कफलिंक काढल्या आणि हात प्राजक्तापुढे धरला. ती उठली. पहिली कफलिंक उलटी बसली.

"परत."

आवाज मऊ होता, चेहऱ्यावर हसू होतं. दुसऱ्यांदा लागली, पण कफाची कड वरखाली झाली. त्यानं कफलिंक काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"परत."

चौथ्यांदा जमलं, तेव्हा तिच्या ओठांवर घाम आला होता.

"शिकेल," दिग्विजय ज्योतीरामला समजुतीनं म्हणाला.

ज्योतीराम हसला. हसायला नको होतं, हे त्याला हसतानाच कळलं.

दिग्विजय गेल्यावर प्राजक्तानं शालूवरच्या ब्लाउजचं कापड काढलं. जन्मभर पुरुषांचे शर्ट शिवले, तरी हे एक ब्लाउज ज्योतीराम स्वतः शिवणार होता.

"बाबा, बाह्या मनगटापर्यंत करा."

"मे महिन्यात? कोपरापर्यंत ठरल्या होत्या ना?"

"मनगटापर्यंतच."

तिनं उजवा हात पुढे केला. त्यानं माप घेतलं आणि डावा मागितला.

"एकच माप धरा ना दोन्हीला."

दोन मनगटं कधी सारखी नसतात, हे नवशिक्या शिंप्यालाही ठाऊक असतं. ज्योतीरामनं तिचा डावा हात अलगद घेतला आणि कुर्त्याची बाही वर सरकवली. मनगटावर चार बोटांचे वळ होते, हिरवट पडलेले. गेल्या रविवारी दोघं फिरायला गेले होते. तेव्हापासून पोरगी या उकाड्यात लांब बाह्या घालून वावरत होती, आणि बाह्या शिवण्यात हयात गेलेल्या तिच्या बापाला ते दिसलं नव्हतं.

"मला पोचायला दहा मिनिटं उशीर झाला होता," ती म्हणाली. "चूक माझीच होती."

ज्योतीरामला लाज वाटली, संताप आला, आणि या दोन्हींपेक्षा जास्त भीती वाटली. कार्यालय, पत्रिका, गावाकडून येणारे पाहुणे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग त्यानं तिची बाही खाली ओढली आणि फोन लावला.

"बोला मामा."

"ते शर्ट मी शिवत नाही."

"का? कफ जमत नाहीत?"

"कफ जमतात." ज्योतीरामनं टेप काउंटरवर ठेवली. "लग्न जमत नाही."

पलीकडून रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज येत होता.

"प्राजक्ताला फोन द्या," आवाज तसाच मऊ होता. "द्या, मामा."

दुकान इतकं शांत होतं की तिलाही ते ऐकू गेलं. तिचा हात आपोआप पुढे आला. फोनपर्यंत पोचायच्या आत तिनं तो मागे घेतला.

"नको," ती म्हणाली, पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पलीकडून फोन बंद झाला. ज्योतीरामनं दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं. दिग्विजयला दुकानातून निघून दहा मिनिटंही झाली नव्हती; परत यायला त्याला तेवढाही वेळ लागणार नव्हता.