ओल्या गिलाव्यावरचं नगर

शरद ऋतू उतरला होता मोंतेल्बा नगराच्या टेकड्यांवर. द्राक्षांचे मळे ताम्रवर्ण झाले होते, नदी रौप्यरेखेसारखी क्षीण झाली होती, आणि नगरसभेच्या उंच गवाक्षांतून मधुपिंगट, सुवर्णस्निग्ध ऊन भिंतीवर ओघळत होतं.

त्या भिंतीपुढे, लाकडी मचाणावर, चित्रकार बाल्दो उभा होता. ओल्या गिलाव्यावर तो रंग भरीत होता. गिलावा ओला आहे तोवरच चुना रंग पितो. सुकला की रंग आणि भिंत एकजीव होतात.

जुने चितारी राजाला पर्वतप्राय काढीत आणि प्रजेला अंगठ्याएवढी. बाल्दोही तेच शिकला होता. पण त्याच्या मित्रानं, पंडित लिव्हिओनं, त्याला प्राचीन रोमचे ग्रंथ वाचून दाखवले, भग्न पुतळ्यांतले जिवंत स्नायू दाखवले. माणूस हीच सृष्टीची शोभा, असं तो म्हणे; नगर कुणा एकाचं नसतं, नागरिकांचं असतं, असंही म्हणे. हेच तो भर चौकात बोलला, आणि नगराधिपती ड्यूक रानिएरीनं त्याला हद्दपार केलं. सभेतले वृद्ध माना खाली घालून बसले. कुणी ब्रही काढला नाही.

बाल्दोनं मात्र कुंचला उचलला.

भिंतीवर नगर उभं राहिलं. विणकरीण होती, ओठ मुडपून हसणारी. पाथरवट होता, मानेची शीर तटतटलेला. दाई होती, थकलेली, तृप्त. आज राहिला होता तो शेवटचा तुकडा: सर्वांच्या मध्ये, सर्वांच्याच उंचीचा ड्यूक; आणि त्याच्याशेजारी, नीलवर्ण झग्यात, लिव्हिओ.

दुपारी तोही तुकडा रंगवून झाला, तोच ड्यूक आला. कितीतरी वेळ पाहत राहिला. मग त्यानं फर्मावलं, की हद्दपाराचा चेहरा खरवडावा आणि आपली आकृती तिप्पट करावी, गिलावा सुकण्याआधी. नाहीतर बाल्दोलाही वेशीबाहेर घालवू.

“महाराज,” बाल्दो म्हणाला, “मी तुम्हाला लहान केलं नाही. बाकीच्यांना त्यांच्या उंचीचं काढलं, एवढंच.”

ड्यूक निघून गेला. बाल्दोनं कुंचला खाली ठेवला आणि तो मचाणावर बसला. लेकीचं घर आठवलं, अंगणातलं अंजीर आठवलं. तरी तो चेहरा खरवडायला हात उचलला नाही. ऊन सरकत गेलं, चुना घट्ट होत गेला, आणि सायंकाळच्या केशरी शांततेत लिव्हिओचा चेहरा भिंतीचा होऊन गेला.

सकाळी ड्यूक घणवाले घेऊन आला. तेव्हा सभेतले वयोवृद्ध लोकर-व्यापारी, गाद्दो, काठी टेकत पुढे झाले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

“ही भिंत नगराची आहे, महाराज. आमच्या होकाराविना तिच्यावर घाव पडणार नाही.”

त्यांच्याशेजारी दुसरा वृद्ध येऊन उभा राहिला, मग तिसरा, मग दारातून लोटलेला चौक. घणवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि घण जमिनीला टेकवले. ड्यूक परतला.

त्या दिवशी सभा भरली, आणि पहिलाच ठराव झाला लिव्हिओला परत बोलावण्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठराव घेऊन बाल्दो स्वतःच लिव्हिओकडे निघाला. वेशीबाहेर दरीतलं धुकं विरत होतं, आणि उतारावरचे सुरूचे वृक्ष उजळत होते, एकेक करून, एकेक करून. प्रत्येक ताठ, प्रत्येक वेगळा, प्रत्येकाच्या माथ्यावर आपापलं ऊन.