सर्जेरावांच्या शेतावरून

खासगी शेतावर मालकाच्या परवानगीवाचून ड्रोन उडवायचा नाही, हा नियम मला तोंडपाठ आहे. कोथरूडला दर रविवारी ड्रोनच्या वर्गात पोरांना तो मीच शिकवतो, वर फीही घेतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

हिंजवडीत आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून सर्जेरावांचं शेत आहे. चारी बाजूंनी इमारती, मधे मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि एका बाभळीखाली शेंदूर फासलेला म्हसोबा. एका बिल्डरला जाहिरातीसाठी या साऱ्या परिसराचं वरून चित्रण हवं होतं, म्हणून मी रीतसर विचारायला गेलो.

"न्हाय जमायचं," मेथी उपटता उपटता सर्जेराव म्हणाले. "म्हसोबाला वरनं बगायचं न्हाय. आमी त्या बाभळीवर बी कदी चढत न्हाय."

"अहो, एवढे मजले रोज वरूनच बघतात की!"

"बगत्यात व्हय? नीट बगा, सायेब."

मी मान वर केली. शेताकडच्या एकूण एक खिडकीला पडदा होता. आमच्याही. तो कधी लावला, कोणी लावला, काही केल्या आठवेना. ऊन लागत असेल, म्हटलं, आणि विषय झटकून टाकला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, परवानगी गेली खड्ड्यात म्हणत, गच्चीवर गेलो. बायको ऑफिसात, तेव्हा सहा वर्षांच्या सृष्टीलाही बरोबर घेतलं. गच्चीवर बाबाच्या शर्टाचं टोक सोडायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आणि हा मात्र मी कडक पाळतो.

ड्रोन शेतावर पोचला. हातातल्या रिमोटच्या पडद्यावर बाभळ दिसली, शेंदूर दिसला आणि शेंदराशेजारी पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी, मान मागे टाकून थेट माझ्याकडे बघणारी. सृष्टीनेही आज पिवळाच फ्रॉक घातला होता. पण शर्टाला मागून घट्ट ओढ होती, त्यामुळे जीव जरा भांड्यात पडला.

"सृष्टी, सोडू नकोस हं."

मी घाईघाईने ड्रोन परत आणला, पायाशी उतरवला, बॅटरी उपसून काढली. रिमोटचा पडदा विझायला हवा होता, पण तो विझला नाही. त्यात आता आमचीच गच्ची दिसत होती, बरोबर माझ्या डोक्यावरून, आणि तिच्यावर मी एकटाच उभा होतो.

खालून, शेतातून, सृष्टीची हाक आली, "बाबा!"

शर्टावरची मूठ आणखी घट्ट झाली.