न सापडलेलं पंक्चर

आमच्या ह्यांचं नाव गहिनीनाथ. पन्नास वर्षांत उखाण्याबाहेर मी ते घेतलं नाही. आज तुम्हाला कळावं म्हणून घेतलं. केडगावात पुणे रोडला ह्यांचं पंक्चरचं दुकान होतं. हात सोन्याचे, पण तोंडाला कुलूप! लग्नाला दहा महिने झाले तरी माझ्याशी धड दहा वाक्यं बोलले नव्हते. घर दोन खोल्यांचं, त्यात सासू-सासरे आणि दोन दीर. बोलायचं कुठं, हे मलाही कळत होतं. पण म्हणून काय माणसाने भिंतीकडे बघत जेवायचं? शेवटी मी माहेरी पाथर्डीला भावाला कार्ड लिहिलं, 'कारभारीदादा, शिमग्याला ये आणि मला घेऊन जा. परत धाडायचं नाही.' धाकट्या दिराकडे टाकायला दिलं.

दुष्काळाचं साल होतं ते. टँकर आला की रस्त्यावर घागरींची हाणामारी. आणि अशात एका ट्रकवाल्याने ह्यांना पुण्याहून पिशवीत चार लाल मासे आणून दिले. ह्यांनी काचेची पेटी केली, मासे सोडले आणि हा मुका माणूस पेटीकडे बघून चक्क हसायला लागला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू!

सासूबाईंचं नाव मालनबाई, त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी ठणकावलं, "गहिन्या, मानसं घागरीपायी डोकी फोडत्यात. तुझ्या माश्यास्नी तांब्याभरबी पानी मिळायचं न्हाई."

नवीन पाणी नाही म्हणजे आहे तेच गाळून वापरायचं. हे दवाखान्यातून सलाईनची रिकामी काचेची बाटली घेऊन आले. बुडाशी घासलेटात भिजवलेला दोरा गुंडाळून पेटवला, वर ओलं फडकं लावलं. टक्क! बूड अलगद निघालं. बाटली धुऊन पेटीवर उलटी टांगली. आत तोंडाशी कापूस, त्यावर बाभळीच्या कोळशाचे तुकडे, वर सीना नदीतली वाळू. मग ट्रकची जुनी ट्यूब घेऊन तिला आणखी एक वॉल्व्ह बसवला. एकातून हवा भरायची, दुसऱ्याला सलाईनची नळी. तिचं टोक पेटीत उभ्या केलेल्या जाड नळीच्या बुडाशी. तिथून सुटलेले बुडबुडे त्या जाड नळीतून पेटीतलं पाणी वर बाटलीत ढकलायचे आणि ते गाळून टपटप खाली पडायचं. दोन दिवसांत हिरवट पाणी नितळ झालं. मीसुद्धा बघत बसले, खोटं कशाला बोलू?

सकाळी दुकानातून भरून आणलेली ट्यूब दुसऱ्या सकाळपर्यंत पुरायला हवी. पण दिवेलागणीला हात लावावा तर मऊ! दुकानातल्या टबात बुडवली की एक बुडबुडा नाही, घरी आणली की संध्याकाळी पुन्हा तेच. मग घरीच पंपाने हवा भरायची. त्याला दोन माणसं लागतात, एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने नळी वॉल्व्हवर दाबून धरायची. दीर कामाला गेलेले, सासऱ्यांना वाकवत नव्हतं. उरले कोण? मी.

"घट्ट धर," हे म्हणाले.

"धरलंय."

पंप असा खडखडायचा की शेजारच्या खोलीत काही ऐकू जाऊ नये. मग काय! आज दुकानात कोण आलं, पाथर्डीला चिंचा कधी लागतात, तुला काय आवडतं... असं रोज पाव तास. मी दिवसभर संध्याकाळची वाट बघायला लागले आणि भावाला लिहिलेलं कार्ड पार विसरले.

कारभारीदादा विसरला नव्हता. शिमग्याला दारात हजर! हे दुकानात होते. दादाला पाणी द्यायला मी आत गेले आणि बघते तर सासूबाई ट्यूबपाशी बसलेल्या, वॉल्व्हच्या पिनेवर काडी दाबून. फुस्स करत हवा चालली होती.

"आत्याबाई!" मी ओरडलेच. "मासे मारता व्हय? काय वाकडं केलं त्यांनी तुमचं?"

त्या दचकल्या नाहीत. "मासं कशानं मरत्यात? तुमी भरताच की सांजच्याला," म्हणाल्या. "त्येवढाच माझा गहिन्या बोलतो तुझ्याशी. धाकल्यानं तुझं कार्ड वाचून दावलं हुतं मला. टाक म्हनलं. जबरीनं ठिवून काय उपेग, पोरी?"

मला रडूच कोसळलं. त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "भाऊ खोळांबलाय. जायचं आसंल तर आवर."

मी तांब्या घेऊन बाहेर आले. म्हटलं, "दादा, पुरणपोळी खा आणि जा. मला संध्याकाळी हवा भरायचीय."

आत्याबाई जाऊन वीस वर्षं झाली. पेटी कधीच फुटली, ट्यूब मात्र माळ्यावर आहे. हे आता बोलायला लागले की कान किटतात! अजून दर शिमग्याला ट्यूब काढतात, पंपाने फुगवतात, टबात बुडवून बुडबुडा शोधतात. "विजे," म्हणतात, "जल्मात येवढं एकच पंक्चर घावलं न्हाई बघ मला."

मी काही सांगत नाही. समोर बसते आणि नळी वॉल्व्हवर दाबते.

"घट्ट धर," हे म्हणतात.

"धरलंय," मी म्हणते.