भिंगरीच्या नावावरच्या गोष्टी

धाकटीनं भिंगरीला कधी पाहिलंच नव्हतं. ती जन्माला आली तेव्हा तिचा हा भाऊ जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पाय एका जागी ठरायचा नाही म्हणून घरानं त्याला भिंगरी म्हटलं, आणि जेमतेम चार वर्षांचा असताना तो तापानं गेला. पण घरात त्याचा वावर असा, की लहानपणी तिला वाटायचं, तो शेजारच्या खोलीत झोपलाय आणि आपण मोठ्यानं बोललो तर उठून येईल.

चार माणसं जमली की भिंगरीची गोष्ट निघायचीच. बाबांचे नवेकोरे बूट त्यानं पाण्याच्या पिंपात सोडले, कारण त्याला जहाजं हवी होती. बाबांचे साहेब पाहुणे म्हणून आले आणि दुपारी आडवे झाले, तर यानं बुटाच्या पॉलिशनं त्यांना झुपकेदार मिशा काढल्या. साहेब तसेच गावभर फिरून आले! गोष्ट सांगायचा तो मोठा दादा, आणि पोट धरून हसायची ती आई.

दादाची स्वतःची म्हणून गोष्ट मात्र एकही नव्हती. "शहाणं पोर होतं, कधी त्रास दिला नाही," एवढ्यावर त्याचं बालपण आटपायचं. पुढं त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, संसार केला, केस पिकले. गरीब गाय ती गरीब गायच राहिली.

आईच्या हृदयानं दगा द्यायला सुरुवात केली तेव्हा तिला दवाखान्यात ठेवलं. दुपारी शिलाईच्या दुकानातून निघून धाकटी तिच्याजवळ बसायची, संध्याकाळी दुकान बंद करून दादा यायचा. एका दुपारी आई फारच मलूल दिसली. तिला जरा बरं वाटावं म्हणून धाकटीनं साहेबांच्या मिशांची गोष्ट काढली. हातवारे करून, आवाज काढून सांगितली. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. आई हसली नाही.

"पुरे गं," ती म्हणाली. "आता हसायला श्वास पुरत नाही. आणि दादा कुठे आहे इथे?"

"दादाचं काय?"

आईनं तिला खुणेनं जवळ बोलावलं. मग म्हणाली, "पॉलिशची डबी कपाटाच्या वरच्या फळीवर असायची. चार वर्षांच्या पोराचा हात पोचेल का तिथं?"

धाकटीला काही उमगेना.

"त्या मिशांपायी बाबांनी दादाला बदडलं होतं. मीच मध्ये पडले होते. त्यांनीही पुढं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मला ठाऊक नसेल?" आई थांबत थांबत बोलत होती. "भिंगरी गेला आणि माझी वाचाच बसली. स्वयंपाक करायचे, धुणं धुवायचे, पण मी त्या घरात नव्हतेच. दादा तेव्हा केवढासा, आठ वर्षांचा. एक दिवस मी मटार सोलत होते, तर हा समोर येऊन बसला. म्हणाला, 'आई, भिंगरीनं एकदा काय केलं माहितेय?' आणि स्वतःचीच मिशांची गोष्ट त्याच्या नावावर सांगितली. सांगताना माझ्या तोंडाकडे असा बघत होता, की मी हसले. हसले नसते तर पोर तिथंच खचलं असतं. मग काय, दुसऱ्या दिवशी दुसरी घेऊन आला."

"म्हणजे बुटांची?"

"तीही त्याचीच. सगळ्या त्याच्याच. चार वर्षांच्या जिवाच्या गोष्टी त्या कितीशा असणार?"

"मग भिंगरीची खरी कुठली?"

"माझ्या कानाची पाळी धरून झोपायचा. पाण्याला 'पाई' म्हणायचा." आईच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं. "एवढंच. यात सांगण्यासारखं काय आहे? कुणी हसणार नाही."

धाकटीनं पदरानं तिचे डोळे पुसले.

"एक पोर तापानं नेलं," आई म्हणाली. "दुसऱ्यानं माझ्यासाठी स्वतःला पुसून टाकलं, आणि मी ते हसत हसत पुसू दिलं. मला ठाऊक आहे हे त्याला कसं सांगणार होते? कळलं असतं तर त्याच्यापाशी काय उरलं असतं? आता तू बघ. त्याच्या गोष्टी त्याला परत दे. माझ्यानं नाही झालं."

त्याच आठवड्यात आई गेली.

घरात माणसं जमली. रडून रडून सगळे थकल्यावर मामांनी विषय काढला, "ताई आता भिंगरीला भेटली असेल. काय ते कार्टं! ते बूट आठवतात ना, पिंपातले?"

"मामा, ते दादानं केलं होतं," धाकटी म्हणाली.

सगळे दादाकडे बघायला लागले.

"छे, मी कसला? भिंगरीच तो," दादा घाईघाईनं म्हणाला.

"याच्यात कुठला एवढा दम!" मामा हसले. सगळ्यांबरोबर दादाही हसला, आणि पाहुण्यांना चहा विचारायला आत निघून गेला.

चार-पाच दिवसांनी ती दुकानात गेली. दादा स्टुलावर बसून ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बघत होता. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "त्या दिवशी तसं का बोललीस?"

"खरं होतं म्हणून."

"असेल. पण राहू दे गं. भिंगरीकडे दुसरं आहेच काय?" पाण्यातून बुडबुडे आले. त्यानं भोकावर बोट ठेवलं. "मिशांची खोडी काढली तेव्हा तो पलंगाखाली लपून बघत होता. म्हणजे तशी त्याचीही ती थोडी आहेच."

मग त्याचं बोट सटकलं. "तुला कुणी सांगितलं?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण आईचा शब्द होता.

"आईनं."

"आईला कधी कळलं?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, दादा."

ट्यूब पाण्यात तशीच तरंगत राहिली. दादाचे ओले हात गुडघ्यांवर आले.

"मग ती हसायची ते?"

"तुझ्यासाठी."

"मला वाटायचं, मी तिला..." त्यानं हात पँटला पुसले. "एवढी वर्षं मला वाटायचं, मी तिला थोडा तरी भिंगरी आणून देतो."

आणि पिकल्या केसांचा तो माणूस ग्रीसनं काळे झालेले हात तोंडावर घेऊन हुंदके देऊन रडू लागला. आई गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. धाकटी त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सांगून चूक केली की बरं केलं, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

दारात एक गिऱ्हाईक सायकल धरून उभं राहिलं.

"दुकान चालू आहे ना?"

"आज नाही," धाकटी म्हणाली, आणि उठून तिनं शटर खाली ओढलं.