फादरांच्या भिंगाचा टवका

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. मूठ लाकडी, काचेच्या कडेला एक टवका. त्या टवक्याचीच ही गोष्ट.

चष्मेवाल्याच्या खोक्यातून मला एका फादरांनी उचललं. माणूस देवाचा, पण नाद दगडांचा! सकाळची प्रार्थना आटोपली की मला झग्याच्या खिशात टाकून थेट चर्चमागच्या कबरस्तानात. तिथल्या दगडांवर राखाडी, पिवळी दगडफुलं चिकटलेली. फादर गुडघे टेकायचे, पट्टी लावायचे, माझ्यातून बघून वहीत आकडा लिहायचे. कबरीवर साल कोरलेलं असतंच. म्हणजे दगडफूल किती वर्षांत किती वाढलं ते कळणार. मग अक्षरं झिजलेल्या दगडांचंही वय सांगता येणार. अकरा वर्षं हेच.

एकदा फादरांचा पाय मोडला. दोन महिने दवाखाना. घरी थोरली बहीण एकटी. भाऊ परत येतोय म्हटल्यावर तिला काय करू नि काय नको असं झालं. तिनं तारेचा ब्रश उचलला.

फादर कुबडी टेकत आले. सगळे दगड लख्ख! त्यांच्या हातातून निसटून मी थेट दगडावर. टवका तेव्हाचा.

"ताई, हे काय केलंस गं?"

"आंघोळ घातली सगळ्यांना! तीन दिवस घासतेय, कंबर गेली माझी."

"माझी अकरा वर्षं धुतलीस की!"

ताईचा चेहरा पडला. "तू रोज वाकून वाकून लिहायचास. मला वाटलं, घाणीची तक्रारच लिहितोयस."

फादरांनी कोऱ्या दगडावरून बोट फिरवलं. मग एकदम हसायलाच लागले. "कोणत्या तारखांना घासलेस गं? नीट आठव. कोऱ्या दगडावर पहिला ठिपका कधी येतो, हे मला कुठं माहीत होतं? आता सगळे दगड एकाच आठवड्यात नव्यानं जन्मले!"

पाच वर्षांनी पहिला ठिपका आला. ताईलाच दिसला, माझ्यातून. फादरांनी वहीवर आपल्या नावाशेजारी तिचं नाव लिहिलं. मित्रांनो, या टवक्याचे माझ्यावर उपकारच आहेत. त्या दिवसापासून मला एकाऐवजी दोन डोळे मिळाले, फादरांचा नि ताईचा. तुम्हीही काही पुसायच्या आधी एकदा वाकून बघत जा.

फादर आता त्याच कबरस्तानात आहेत. ताई काठी टेकत येते, मला डोळ्याला लावते. त्यांचा दगड ती घासत नाही. परवा तिथं मोहरीएवढा पिवळा ठिपका दिसला.

ती म्हणाली, "आलास का रे?" आणि वही उघडली.